नोकर असल्याचा पुरावा

ज्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्याच गाद्या पसरलेल्या आहेत, त्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला दिवसभरात एकदाही बसायची मुभा नसावी, याला काय म्हणावं? मालक याला शिस्त म्हणत. सल्लागारही आधी शिस्तच म्हणत, मग नशीब म्हणू लागले, आणि टाचा सुजल्यावर जे म्हणू लागले ते घरात वयात आलेली मुलगी असल्यामुळे हळू आवाजात म्हणत.

सल्लागार हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्या दुकानात विक्रेता नावाचा प्राणीच नव्हता. गादी विकणाऱ्याला तिथे 'निद्रा-सल्लागार' म्हणायचे. कामावर घेताना मालकांनी हात जोडून सांगितलं होतं, "आमच्याकडे नोकर कोणी नाही हो. सगळे स्वतंत्र सल्लागार. तुम्ही तुमचे राजे!" राजा हा शब्द कानावर पडला की मध्यमवर्गीय माणूस पुढचा कागद वाचत नाही, सही करतो. यांनीही केली. या राजांनी मग शटर उघडायच्या आधी दारात हजर राहायचं, आपापल्या पलंगांखालचा केर आपणच काढायचा, जांभळा सदरा घालायचा आणि त्या सदऱ्याचे पैसे स्वतःच्या मानधनातून कापून घ्यायचे. लघवीला जायचं तर विचारून जायचं. बसलं तर दंड. झोपायला मात्र बंदी नव्हती, पण ते गिऱ्हाइकासमोर. आधी डाव्या कुशीवर, मग उजव्या कुशीवर, मग उताणं, डोळे मिटून, ओठांवर मंद स्मित. स्मिताबद्दल वेगळी लेखी सूचना होती. गिऱ्हाईक गेलं की टुणकन उठून उभं राहायचं.

मालकांच्या जिभेवर गिऱ्हाइकांदेखत साखर असे. "सल्लागारसाहेब, पाहुण्यांना जरा स्प्रिंगची दाखवता का?" पडद्यामागच्या गोदामात तीच जीभ वेगळ्या चवीची व्हायची. पण गोदामात काय घडतं ते कोणी घरी जाऊन सांगतं का?

घरी सांगायच्या गोष्टी वेगळ्या होत्या. सल्लागारांचा मेहुणा बँकेत होता, आणि नुसता होता असं नाही, कायम होता. 'कायम' हा शब्द तो जेवताना, हात धुताना, पंखा पुसतानाही वापरू शकत असे. एकदा त्याच्या घरच्या जेवणात त्याने "भाऊजी, तुमचं पुढे काही पक्कं झालं का?" असं चारचौघांत विचारलं, तेव्हा सल्लागार ताटावरून मान वर करून म्हणाले, "पक्कं नोकरांचं असतं. आम्ही सल्लागार. आम्ही कोणाचे नोकर नाही." वाक्य इतकं जमलं की त्याच आठवड्यात त्यांनी दारावर लावायला पितळी पाटी करून घेतली. नावाखाली कोरलं, 'प्रमुख निद्रा-सल्लागार'. यातलं 'प्रमुख' त्यांनी पदरचं घातलं होतं. कोरणारा अक्षरामागे पैसे घेत असल्यामुळे ते खरोखरच पदरचं होतं. तेव्हापासून सगळी इमारत त्यांना सल्लागार म्हणू लागली. बायकोसुद्धा रागावली की म्हणे, "सल्लागारसाहेब, कचरा बाहेर ठेवा."

तर असे हे सल्लागार एका दुपारी बसले. फक्त बसले. एक जोडपं तीन गाद्यांवर आळीपाळीने लोळून, चौथीची चौकशी करून, 'घरी विचारून सांगतो' म्हणून निघून गेलं. या माणसाच्या टाचेतून डोक्यापर्यंत कळ गेली आणि त्याने बूड टेकलं, तेही गादीच्या काठावर, प्लास्टिकच्या वेष्टनावर. मालकांनी ते कॅमेऱ्यात पाहिलं आणि गादी वापरल्याबद्दल पैसे कापले. दंड वेगळा, वापर वेगळा! इथे कोणाचंही डोकं फिरेल. सल्लागारांचंही फिरलं. ते मालकांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी उद्यापासून येत नाही." बाकीचं सगळं, म्हणजे 'हे घ्या तुमचं राज्य' वगैरे, त्यांना रस्त्यावर आल्यावर सुचलं. चांगली वाक्यं नेहमी रस्त्यावरच सुचतात.

नोकरी सोडणं सोपं गेलं, कारण दुसरी मिळण्यासारखी होती. अडलं ते मागच्या पैशांवरून. दीड महिन्याचा पगार आणि विकलेल्या गाद्यांवरची टक्केवारी यायची होती. मुलीला परगावी प्रवेश मिळाला होता आणि वसतिगृहाची अनामत भरायची तारीख तोंडावर आली होती. ही बातमी मेहुण्याला कोणी दिली कोण जाणे, तो संध्याकाळी दारात हजर. पाटीकडे बघत म्हणाला, "भाऊजी, काळजी कशाला? मी भरतो की. आपल्यातच तर आहे." त्या 'आपल्यातच'चं व्याज सल्लागारांना ठाऊक होतं. ते आयुष्यभर, प्रत्येक पंगतीत फेडावं लागलं असतं. "गरज नाही," ते म्हणाले. "माझे पैसे येताहेत."

दुसऱ्या दिवशी ते मालकांकडे गेले. मालकांनी त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"पगार? कसला पगार, साहेब? पगार नोकराला असतो. तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक. तुम्ही बिल पाठवायचं, आम्ही बघायचं."

"कधी बघाल?"

"बिल आल्यावर."

सल्लागार बिल करायला बसले. खालच्या मजल्यावर निवृत्त हेडक्लार्क राहत. निवृत्त झाल्यापासून दुसऱ्याचा कागद दिसला की त्यांचे हात शिवशिवत. त्यांनी बिलाचा मसुदा तीनदा फाडला आणि चौथ्यांदा लिहिला, तो इतका भारदस्त की त्यातून नक्की कोण कोणाला पैसे देणार हे हेडक्लार्कांनाही सांगता येईना. बिल गेलं तसं परत आलं. वर शेरा, 'व्यवसायाचा नोंदणी क्रमांक नाही.'

"बरोबर आहे त्यांचं," हेडक्लार्क खूश होऊन म्हणाले. "क्रमांकाशिवाय बिल म्हणजे चिठ्ठी."

नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "धंदा काय?"

"झोपेबद्दल सल्ला."

"डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग झोपेबद्दल सल्ला कसला देता? उद्या कोणी उठलाच नाही तर जबाबदार कोण?" असं म्हणून त्याने त्यांना आरोग्य खात्याकडे पाठवलं. आरोग्य खात्याने तपासणीसाठी दवाखान्याची जागा दाखवा म्हणून सांगितलं. सल्लागार म्हणाले, दवाखाना नाही, गाद्यांचं दुकान आहे. मग दुकानाच्या मालकाची ना-हरकत आणा. म्हणजे ज्याच्याकडून पैसे यायचे, त्याच्याकडूनच, आपण त्याचे कोणी नव्हतो असं लिहून आणायचं! एवढे पाय दुकानात दिवसभर उभं राहूनही दुखले नव्हते.

मालकांनी ना-हरकत लगेच दिली. इतकी लगेच की सल्लागारांना संशय यायला हवा होता. सोबत त्यांचं स्वतःचं बिल होतं. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून आमच्या जागेत व्यवसाय केल्याबद्दल जागाभाडं. दिवे आणि पंख्याचा आकार. आरशाचा वापर. आणि गिऱ्हाइकांसमोर नव्या कोऱ्या गाद्यांवर वेळोवेळी लोळल्याबद्दल झीज. सगळी वजाबाकी होऊन शेवटी जो आकडा उरला होता, तो सल्लागारांनी मालकांना देणं होता.

सल्लागारांनी तो कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. मग ते जे ओरडले ते वरच्या मजल्यावर ऐकू गेलं. "डाव्या कुशीवर यांच्या सांगण्यावरून, उजव्या कुशीवर यांच्या सांगण्यावरून! मी हसत होतो तेसुद्धा यांच्या सांगण्यावरून, आणि झीज माझी?" माणसाला झोपायला लावून वर झोपेचं भाडं लावणारा मालक या जगात सन्मानाने गल्ल्यावर बसतो, त्याच्या दुकानाला रोषणाई असते आणि लोक त्याला शेठ म्हणतात, याची चीड कोणाला येणार नाही?

बायको कणीक मळत होती. तिने हात न थांबवता म्हटलं, "अहो, तुम्ही नोकर होता. म्हणून टाका ना एकदा आणि जा त्या कामगारांच्या कचेरीत."

"मी नोकर?"

"मग कोण? रोज या राजाच्या टाचा कोण शेकत होतं? मीच ना?"

नोकरी करणं यात काही कमीपणा नाही, नोकरदार म्हटलं तर मुलगीसुद्धा देतात. पण तोच माणूस 'मी नोकर आहे' म्हणायला गेला की जीभ टाळ्याला चिकटते. दोन अक्षरांच्या फरकात माणसाची सगळी अब्रू अडकलेली असते. हेडक्लार्कांचंही मत विरुद्धच पडलं. "तिकडे हमाल, सुतार, झाडूवाले जातात. तुम्ही पाटीवाले!"

पण तारीख पाटी बघून थांबत नव्हती. सल्लागार कामगार कचेरीत गेले. खिडकीमागचा कारकून अर्ज भरत होता आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा तोफेसारखा वाजत होता.

"दुकानात कोण होता तुम्ही?"

सल्लागार खिडकीला तोंड लावून पुटपुटले.

"काय? मोठ्याने."

"नोकर."

"चालक? ड्रायव्हर होता का?"

"नोकर! नोकर! मी नोकर होतो!" सल्लागार गरजले, आणि नेमका त्याच क्षणी पंखा बंद पडला. रांगेतली सगळी माणसं वळून बघू लागली. एक सुतार आपुलकीने म्हणाला, "आम्हीपण तेच आहोत, काका. ओरडायचं कशाला?"

कारकुनाने अर्ज घेतला आणि सांगितलं, सुनावणीला साक्षीदार आणा. जांभळ्या सदऱ्यातले जुने सोबती फोनवर रडकुंडीला आले, पण यायला तयार होईनात. त्यांचेही महिने अडकलेले होते. राहता राहिली इमारत. सल्लागार घरोघर गेले. पण पाच वर्षं ज्याने जिन्यात थांबवून थांबवून 'आपण कोणाचे नोकर नाही' असं सांगितलं, तो नोकर होता अशी साक्ष कोण देणार? "खोटं कसं बोलायचं हो?" शेजारीण म्हणाली. "तुमच्याच तोंडून ऐकलंय."

त्यात हेडक्लार्कांनी कळस केला. दुकानातून एक माणूस चौकशीला आला होता. इमारतीची लाज राखावी म्हणून हेडक्लार्क त्याला स्वतः वर घेऊन गेले, पाटी दाखवली आणि म्हणाले, "मोठा माणूस. स्वतःचा धंदा. कोणापुढे मान तुकवणार नाही." त्या माणसाने पाटीचा फोटो काढला. "मीच म्हटलं, काढा, काढा," हेडक्लार्क संध्याकाळी अभिमानाने सांगत होते. सल्लागारांना त्यांना मारावंसं वाटलं, पण हेडक्लार्क वयाने मोठे होते आणि मसुदेही त्यांनी फुकट लिहून दिले होते.

सुनावणीला मेहुणा सोबत आला. कोणी बोलावलं नव्हतं. "बँकेतल्या माणसाला बोलायची सवय असते, भाऊजी," तो म्हणाला. खरं म्हणजे कायम नोकराला हंगामी राजाचं सिंहासन कसं ढळतं ते बघायचं होतं. बायकोने निघताना फक्त एवढंच सांगितलं होतं, "पाय दुखले तर बसा." ती हे रोजच सांगत असे.

अधिकारी बाई होत्या. त्यांच्यासमोर तीन खुर्च्या होत्या. मालक आधीच एका खुर्चीत, मांडीवर जाड फाईल घेऊन बसले होते. मेहुण्याने दुसरी धरली. सल्लागार तिसरीच्या मागे उभे राहिले.

"बसा," बाई कागदांतून वर न बघता म्हणाल्या.

"हो हो," सल्लागार म्हणाले आणि उभेच राहिले.

मालकांनी सुरुवात केली. काय ती वाणी! "बाईसाहेब, हे माझे नोकर नाहीत, बंधू आहेत. स्वतंत्र व्यावसायिक, माझ्या बरोबरीचे. मी यांना कधी एकेरीत हाक मारली नाही. आणि हा पाहा पुरावा." त्यांनी पितळी पाटीचा फोटो टेबलावर ठेवला. "स्वतःच्या दारावर, स्वतःच्या खर्चाने. मी तर यांना नुसतं सल्लागार केलं होतं. 'प्रमुख' हे स्वतः झाले."

मेहुण्याला खोकला आला. तो बराच वेळ खोकत राहिला. सल्लागारांचे कान तापले. बाईंनी फोटो बघितला, मग सल्लागारांना.

"येण्याची वेळ कोण ठरवायचं?"

"हे."

"एखाद्या दिवशी नाही आलात तर?"

"पैसे कापायचे."

"ते बरोबरच आहे ना," मालक मध्येच म्हणाले. "काम नाही तर मानधन नाही. सगळ्या व्यावसायिकांना हाच नियम."

"तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवता यायचं?"

"मला लघवीलाही विचारून जावं लागायचं, बाई."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "तुम्ही आधी बसा पाहू."

"हो," सल्लागार म्हणाले. त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. टाचा ठणकत होत्या. खुर्ची समोर होती, रिकामी होती, सरकारी होती, तिचं भाडं कोणी लावणार नव्हतं. पण समोर मालक होते, आणि पाच वर्षं मालक दिसले की या माणसाची कंबर आपोआप ताठ होत आली होती. गुडघे वाकायला तयार नव्हते. सल्लागारांना हे स्वतःलाच कळत नव्हतं, ते आपले बाईंकडे बघून ओशाळं हसत होते, आणि ते हसूसुद्धा लेखी सूचनेबरहुकूम मंद होतं.

मालक पुन्हा रंगात आले होते. "तर बाईसाहेब, ज्याला आपण समान दर्जाचा सहव्यावसायिक म्हणतो..."

"अहो, बसा ना," बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

सल्लागारांनी मालकांकडे पाहिलं. मालकांचं वाक्य तुटलं होतं. चांगलं लांबलचक, पाठ करून आणलेलं वाक्य. ते कपाळाला आठी घालून वळले आणि म्हणाले, "अरे, बस की खाली! कळत नाही का तुला?"

आणि सल्लागार बसले. खटका दाबल्यासारखे, तत्काळ, हात मांडीवर घेऊन.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"बरोबरीच्या माणसाशी तुम्ही असं बोलता?"

"ते... तोंडातून गेलं, बाईसाहेब. घरचंच माणूस..."

"मी तीनदा सांगितलं तेव्हा हे बसले नाहीत. तुम्ही 'अरे' म्हटल्याबरोबर बसले." बाई कोपऱ्यातल्या टंकलेखकाकडे वळल्या. "घ्या. येण्याची वेळ मालकाने ठरवलेली, पैसे कापणं, मुभा मागणं, हे सगळं मालकाने नाकारलेलं नाही. पुढे घ्या. समोर पाहिल्याप्रमाणे अर्जदार मालकाच्या हुकुमाशिवाय बसतही नाही. अर्जदार नोकर होता. पगार आणि टक्केवारी पूर्ण द्यावी. मालकाने लावलेलं भाडं आणि झीज रद्द."

टंकलेखकाने 'नोकर' हा शब्द बडवला. सल्लागार जिंकले होते. मुलीची अनामत भरली जाणार होती, मेहुण्याचा एक पैसा लागणार नव्हता. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं नव्हतं. आपण बसलो याचा त्यांना संताप आला होता. साक्षीदारांसाठी दारोदार फिरलो, फोन केले, अर्ज केले, आणि शेवटी साक्ष कोणी दिली तर आपल्याच गुडघ्यांनी! पाच वर्षांत मालकांनी आपल्याला काय करून ठेवलं ते त्यांना आत्ता, सरकारी खुर्चीत बसल्यावर कळलं. मेहुण्याचा खोकला कधीच थांबला होता. तो खाली फरशीकडे बघत होता. बँकेत त्याचेही एक साहेब होते.

बाहेर व्हरांड्यात मालकांनी फाईल काखोटीला मारली. हरलेल्या माणसाचा राग त्यांच्या चेहऱ्यावर होता, पण सवय होती तीच. सल्लागारांकडे न बघता ते म्हणाले, "उद्या सकाळी ये दुकानात. घेऊन जा तुझे पैसे."

सल्लागार थांबले. यावेळी चांगलं वाक्य रस्त्यावर जाईपर्यंत थांबलं नाही.

"शेठ, मी नोकर होतो ते आता सरकारी कागदावर ठरलं. तेव्हा 'अरे' म्हणालात, मी बसलो, ठीक आहे. पण नोकरी मी सोडलीय. आता 'या' म्हणायचं."

मालकांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा हलला नाही. त्यांनी उघड्या दारातून आत पाहिलं, तर बाई निकालावर सही करता करता पेन उचलून बाहेर बघत होत्या. त्या दिवशीचा सुतारही रांगेतून मान काढून ऐकत होता.

"या," मालक दातांमधून म्हणाले. "उद्या सकाळी या."

"वेळ मी ठरवीन," सल्लागार म्हणाले, आणि मेहुण्याच्या खांद्याला धरून लंगडत जिना उतरू लागले.